आधी रेचक

"खोल श्वास घ्या," असं आपल्याला आयुष्यभर सांगितलं जातं. छातीवर स्टेथोस्कोप ठेवणारे डॉक्टर सांगतात, परीक्षेच्या हॉलबाहेर आई सांगते, योगवर्गात पहिल्या पाच मिनिटांत शिक्षक सांगतात. मग ऐकणारा खांदे कानांपर्यंत उचलतो, मानेच्या शिरा ताणतो, छाती फुगवतो आणि क्षणभर तसाच ताठ राहतो. तो श्वास बाहेर कसा गेला, हे कुणी विचारत नाही. तो जाणारच, त्यात शिकायचं काय, असा एकूण समज.

योगसूत्रांचा कल वेगळा आहे. पहिल्या पादात, म्हणजे प्रकरणात, चित्त प्रसन्न करण्याचे उपाय येतात, त्यांत पतंजली ‘प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य’ म्हणतात: श्वास प्रयत्नाने बाहेर टाकावा आणि आवरून धरावा. दुसऱ्या पादात प्राणायामाच्या वृत्ती, म्हणजे प्रकार, मोजल्या आहेत, तिथेही ‘बाह्य’ (बाहेरची) आधी आणि ‘आभ्यंतर’ (आतली) मागून. योगाभ्यासातून जी आतली स्वस्थता मिळते म्हणतात, तिचा मोठा भाग माझ्या मते एवढ्यावरच ठरतो, की रेचक, म्हणजे श्वास सोडणं, नीट होतो आहे का. आसनं किती जमतात आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, किती सेकंदांचा होतो, हे प्रश्न पुष्कळ पुढचे.

थोडा हिशेब केला तर हे पटतं. साध्या श्वासात आपण सुमारे ५०० मिलिलीटर हवा आत घेतो. तिच्यातली १५० मिलिलीटर नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच राहते, रक्तापर्यंत तिचा उपयोग पोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर ६ लिटर हवेची ये-जा होते आणि कामी येते ४.२ लिटर. तेवढंच काम मिनिटाला ६ श्वासांत करायचं तर प्रत्येक श्वास ८५० मिलिलीटरचा लागतो. म्हणजे श्वासांची संख्या निम्मी केली तरी नेहमीच्या दुपटीलाही थोडी कमीच हवा पुरते. छाती काठोकाठ भरायचं कारणच उरत नाही. संथ प्राणायामात ज्यांना धाप लागते, ते बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त भरत असतात आणि सोडताना घाई करत असतात.

‘प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो’ हे वाक्यही आता निवृत्त करायला हरकत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरच ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलं असतं. त्यात भर घालायला जागा फार थोडी. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी हा समज तेव्हाच बाजूला सारला होता. गुणे बडोद्यात माणिकरावांच्या तालमीत घडले आणि नर्मदाकाठी माळसरच्या माधवदासजींकडे योग शिकले. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढून करायच्या क्रिया करताना पोटात नेमकं काय होतं, हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहणारा हा माणूस. प्राणायामाचं मोल त्यांनी शोधलं ते शरीरातल्या दाबांच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामात. उलट भराभर खोल श्वास घेत राहिलं तर कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. या मुंग्यांना ‘प्राणशक्ती जागृत झाली’ म्हणणारेही भेटतात.

रेचकाचा परिणाम तपासायला यंत्र लागत नाही. मनगटावर नाडी धरून बसावं. श्वास आत येताना ठोके किंचित जवळ येतात, बाहेर जाताना लांबतात. तरुणांत हा फरक सहज जाणवतो, वयाबरोबर कमी होतो. श्वास सोडताना हृदयाचा वेग आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, म्हणून रेचक लांबला की शरीराला आवरतं घेण्याची सूचना जास्त वेळ मिळत राहते. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लॅटिन जपमाळ म्हणणारे आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणणारे दोघेही, कुणी न सांगता, मिनिटाला सहा श्वासांच्या आसपास आल्याचं आढळलं. दोन्हीकडे म्हणणं म्हणजे श्वास सोडणं.

आता अभ्यास. सुरुवात झोपून करावी, बसून नको. बसण्याच्या खटपटीतच निम्मं लक्ष जातं. पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, पावलं जमिनीवर टेकवावीत. डोक्याखाली दोनेक इंचांची चादरीची घडी असावी, हनुवटी कपाळापेक्षा वर जाता कामा नये. हनुवटी वर गेली की घसा ताणतो आणि विचार चालू राहतात. एक हात बेंबीच्या खाली ठेवावा. पाच मिनिटं श्वासात काहीही न करता तो नुसता पाहावा. पाहायला लागताच तो बदलतो, अडखळतो, कृत्रिम होतो. सगळ्यांचंच होतं, दोन-तीन दिवसांत ते निवळतं.

मग रेचकाचा शेवट शोधावा. श्वास सोडून झाला की पुढचा सुरू होण्याआधी एक छोटी विश्रांती असते. आपण ती रोज हजारो वेळा मधेच तोडतो, पुढचा श्वास ओढून घेऊन. ती तोडायची नाही आणि लांबवायचीही नाही. पूरक, म्हणजे आत येणारा श्वास, आपणहून येईल तेव्हा येऊ द्यायचा. सांगायला एवढंसं, पण उतावळ्या स्वभावाच्या माणसाला हे एकच काम आठवडाभर पुरतं, आणि याच वेळी त्याला आपल्या उतावळेपणाची लांबी-रुंदी पहिल्यांदा कळते.

यानंतर लांबवणं. इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. फुप्फुसं ताणलेली असतात तेव्हा आकसायची त्यांची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून रेचकाचा पहिला तिसरा हिस्सा भसकन निघून जातो आणि शेवटी सोडायला काही उरत नाही. मग माणूस शेवटच्या टप्प्यावर पोट आवळून आकडा गाठतो. लगाम लावायचा तो सुरुवातीला. श्वास वळताना छातीचा पिंजरा क्षणभर तसाच उभा ठेवावा, बरगड्या एकदम खाली पडू देऊ नयेत आणि हवा धाग्यासारखी सुटू द्यावी. शेवटच्या भागात बेंबीखालचं पोट हलकेच पाठीकडे जावं, तेही ढकलून नव्हे. घशातून घोरल्यासारखा आवाज आला, जबडा आवळला, भुवयांमध्ये आठी पडली, तर जोर कुठे चुकीचा लागतो आहे ते समजलंच.

आपला रेचक बरोबर होता की नाही, याचा साक्षीदार पुढचा पूरक. तो शांतपणे, नाकातून, खांदे न हलवता आला तर लांबी योग्य होती. तो झटक्याने आला, तोंड उघडलं, मान पुढे गेली, तर रेचक दोन मात्रांनी (मात्रा म्हणजे मोजणीचा एक ठोका, साधारण एक सेकंद) कमी करायचा. अभ्यासातलं सगळं मोजमाप या एका कसोटीवर लावता येतं, आणि ती कसोटी कुणाला फसवू देत नाही. आठ-दहा लांब रेचक, प्रत्येकानंतर एक-दोन साधे श्वास, आणि मग निश्चल पडून राहणं. दोन-तीन आठवडे एवढंच करावं.

ज्यांना दमा आहे त्यांनी इथे थांबून वाचावं. दम्यात नळ्या श्वास सोडतानाच जास्त अरुंद होतात आणि हवा आत अडकते. जोर लावून रेचक लांबवला तर त्रास वाढतो. ओठ किंचित आवळून, फुंकर घातल्यासारखा, सहज जाईल तेवढाच श्वास सोडावा. डॉक्टरांनी दिलेला पंप शेजारी असावा आणि औषध आपल्या मनाने बंद करू नये. गरोदरपणात आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असताना श्वास रोखण्याचा कुठलाही प्रकार नको. नुसता सहज, लांब रेचक चालतो.

बसण्याविषयी ‘स्थिरसुखमासनम्’ एवढ्यावर पतंजलींनी भागवलं आहे, आणि आपण त्यातलं सुख सोडून स्थैर्य दाबून बसवतो. पद्मासनाचा हट्ट नको. स्वस्तिकासन किंवा साधी मांडी पुरते. अट एकच, गुडघे नितंबांपेक्षा खाली असावेत. जमिनीवर सपाट बसणाऱ्या बहुतेक शहरी माणसांचे गुडघे हवेत तरंगतात, माकडहाडाकडे वजन जातं, कंबर मागे गोल होते आणि श्वासपटलाला हलायला जागाच राहत नाही. अशा बैठकीत रेचक लांबणार नाही, कितीही शिकवला तरी. म्हणून घोंगडीची किंवा जाड सतरंजीची घडी करून बुडाखाली तीन-चार इंच उंची घ्यावी, आणि तिच्या पुढच्या कडेवर बसावं. तरीही गुडघे तरंगले तर आणखी उंची. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आसनाखाली कुश, त्यावर कातडं, त्यावर वस्त्र अशी रीतसर गादी आहे. उघड्या फरशीवर बसण्यात तप नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्ची. पाठ टेकायची नाही, पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. पायाला मुंग्या आल्या तर पाय सोडावा, चोळावा, पुन्हा बसावं. मज्जातंतू दाबला गेल्यामुळे आलेल्या बधिरतेशी साधनेचा काही संबंध नाही.

पोट रिकामं असावं: जेवणानंतर तीन-चार तास. शौचाला जाऊन आल्यावर. पंखा थेट अंगावर नको.

बैठक जमली की अनुलोम-विलोम. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा तळव्याकडे दुमडायची, अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका आणि करंगळी डाव्या नाकपुडीला. बोटं टेकवायची जागा नेमकी आहे: नाकाचं कडक हाड जिथे संपतं आणि मऊ भाग सुरू होतो, त्याच्या लगेच खाली. तिथे अगदी थोड्या दाबाने वाट बंद होते. टोकाशी चिमटा काढून नाक वाकडं करणारे बरेच. त्यांचं डोकंही नकळत एका बाजूला कलतं. कोपर छातीवर टेकू देऊ नये, आणि खांद्याच्या रेषेपर्यंत उचलूही नये. हात भरून आला तर डाव्या हाताचा आधार घ्यावा. नखं कापलेली असावीत.

सुरुवात रेचकानेच. दोन्ही नाकपुड्यांतून श्वास सोडून उजवी बंद करायची, डावीने घ्यायचा, उजवीने सोडायचा, उजवीने घ्यायचा, डावीने सोडायचा. हे एक आवर्तन. प्रमाण १:२, म्हणजे तीन मात्रांत घेतला तर सहा मात्रांत सोडायचा. आधी सहा आवर्तनं. ती सहज होऊ लागली की ४:८. या मापाने १२ आवर्तनं म्हणजे २४ श्वास, जवळजवळ पाच मिनिटं, आणि मिनिटाला पाच श्वास. रोजच्या अभ्यासाला एवढं पुष्कळ झालं. कुंभक यात नाही, आणि निदान वर्षभर नसला तरी काही अडत नाही. मात्रा मोजायला घड्याळाची टिकटिक चालते, पण इष्टमंत्र किंवा नाम बरं. आकड्यांना पुढे पळायची खोड असते: दम कमी पडायला लागला की पाच-सहा-सात-आठ भराभर उरकले जातात आणि हिशेब मात्र बरोबर दिसतो. नामाची लय तितक्या सहज चोरता येत नाही.

एक नाकपुडी बंद वाटणं हा दोष नव्हे. दोन्ही नाकपुड्या काही तासांच्या फेऱ्याने आळीपाळीने मोकळ्या-अरुंद होत असतात. डाव्या कुशीवर पाच-दहा मिनिटं निजलं की उजवी बहुधा मोकळी होते, आणि उलट. बैराग्यांच्या जवळ असणारा योगदंड काखेत धरण्यामागेही हेच आहे. कायम चोंदणाऱ्या नाकाला जलनेती उपयोगी पडते: उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात चहाचा पाऊण चमचा मीठ. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं. नेतीनंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके श्वास सोडावेत. एक बंद करून जोराने शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. खरी सर्दी झाली असेल तर नाकावरचा अभ्यास चार दिवस सरळ सोडून द्यावा.

इथे कपालभातीबद्दल दोन वाक्यं लिहिली नाहीत तर लोक विचारतीलच. हठयोगप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत, शुद्धिक्रियांत आहे; प्राणायामांच्या यादीत नाही. टीव्हीने तिला प्राणायामांची राणी केलं. तिच्यात रेचक झटक्याचा आणि पूरक आपोआप, म्हणून जडपणा झटकायला ती चांगली. पण बागेतल्या बाकावर पाचशे-पाचशे ठोके मारून थेट ऑफिस गाठणाऱ्याला तिने तरतरी मिळते, शांती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, अपस्मार, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण यांत ती वर्ज्यच.

रेचक शिकायची आणखी एक वाट आपल्याकडे घरोघरी होती, तिला कुणी योग म्हटलं नाही एवढंच. गाताना श्वास झटकन घेतला जातो आणि संथपणे खर्च होतो. जात्यावरच्या ओव्या, सांजवेळचा हरिपाठ, एकादशीचं भजन हे सगळं तासन्‌तास चालणारं रेचक-प्रधान काम आहे, वर शब्दांचा अर्थ आणि शेजारच्याच्या आवाजाची सोबत. ज्यांचं मन नाकपुड्या धरून बसायला अजिबात तयार नाही, त्यांनी ओंकारापासून सुरुवात करावी. आवाज म्हणजे ऐकू येणारा रेचक. नाद जिथे थरथरतो तिथे श्वास निसटला. जिथे एकदम मोठा होतो तिथे ढकलला गेला. शेवटी चिरकला तर लांबी जास्त झाली. मकार, म्हणजे ओंकारातला शेवटचा ‘म्’, मिटल्या ओठांनी, अर्ध्याअधिक वेळ चालू द्यावा, दात एकमेकांना टेकलेले नसावेत. सात-आठ ओंकार एकाच उंचीचे आणि सारख्या लांबीचे झाले की मग तोच रेचक आवाज काढून टाकून करून पाहावा.

यानंतरचा भाग बहुतेक जण गाळतात. शेवटचं आवर्तन झालं की हात खाली येतो आणि माणूस उठून चहा टाकतो. खरं तर इथपर्यंतची सगळी खटपट पुढच्या दहा मिनिटांसाठी आहे. पतंजली प्राणायामाचं फळ सांगताना ‘धारणासु च योग्यता मनसः’ म्हणतात: मन धारणेच्या, म्हणजे एका जागी टिकून राहण्याच्या, लायक होतं. लायक झालेल्या मनाला आपण कामच दिलं नाही तर प्राणायाम छातीच्या व्यायामापाशी थांबतो.

हात मांडीवर ठेवावेत, डोळे मिटलेले, श्वास मोकळा. त्याला आता कुठलंही माप लावायचं नाही. लक्ष फक्त रेचकाच्या शेवटावर, त्या छोट्या विश्रांतीवर. काय काय होतं याची यादी अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांनी मांडूक्यकारिकेत दोन ओळींत दिली आहे, आणि इतकी कामाची सूचना मला दुसरीकडे आढळलेली नाही: ‘लये संबोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः । सकषायं विजानीयात्समप्राप्तं न चालयेत् ॥’

लय म्हणजे पेंग. मान हळूच खाली जाते, विचार स्वप्नांसारखे तुटक होतात, आणि उठल्यावर वाटतं, आज फार छान ध्यान लागलं. डुलकी आणि ध्यान यांत फरक करायची खूण म्हणजे पाठीचा कणा: ध्यानात तो उभा राहतो. पेंग आली तर डोळे उघडावेत, दोन-तीन श्वास पूरकाकडे लक्ष देऊन घ्यावेत, गरज पडली तर उभं राहावं. रोजच पेंग येत असेल तर ध्यानाची पद्धत बदलू नये, रात्रीचं जेवण आणि झोपायची वेळ बदलावी. झोपेची थकबाकी शरीर आसनावर वसूल करतं.

विक्षेप सगळ्यांच्या ओळखीचा. गॅसचं बुकिंग, मुलाची फी, काल कोण काय बोललं. रेचक मोजावेत, दहापासून एकपर्यंत उलटे. चुकलं की पुन्हा दहा. स्वतःला रागावू नये, कारण रागावणं हा दुसरा विक्षेप आणि तो पहिल्यापेक्षा जास्त टिकतो. जवळ वही ठेवून आठवलेली कामं टिपून घ्यावीत असा सल्ला हल्ली दिला जातो. मला तो पटत नाही. वही दिसली की मनाला कामं सुचवायचं अधिकृत कारण मिळतं.

कषाय अवघड आहे. इथे मन झोपलेलं नसतं, भटकतही नसतं. एका जागी चिकटलेलं असतं. जुना अपमान, वाटणीतला अन्याय, न बोललेलं दुःख. श्वास शांत झाला की वरचा गोंगाट खाली बसतो आणि तळाचं दिसू लागतं. कधी कारणाशिवाय डोळ्यांत पाणी येतं. अनेक जण याच सुमारास अभ्यास सोडतात, म्हणतात योगाने मला शांतता मिळाली नाही, उलट त्रासच झाला. श्लोकात लय आणि विक्षेप यांवर उपाय आहेत, कषायावर मात्र ‘विजानीयात्’ एवढाच शब्द आहे: ते ओळखावं. हे कषाय आहे, हे आत्ता आलं आहे, त्याबरोबर पोट आवळलं आहे, रेचक तोकडा झाला आहे. त्या तोकड्या रेचकाला थोडी थोडी जागा देत राहायची. गोष्टीचा निकाल लावायला आसनावर बसायचं नाही. निकाल लावायचा तर त्या माणसाशी बोलावं, ते दिवसा, डोळे उघडे ठेवून. आणि जे वर येतं ते पेलवण्यापलीकडचं असेल, छातीत धडधड होऊन भीती दाटत असेल, रात्रीची झोप जात असेल, तर डोळे मिटून बसणं बंद करावं, चालावं, ओंकार किंवा भजन करावं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. चालू असलेली गोळी प्राणायामाच्या भरवशावर सोडू नये. काही माणसांना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरं होतं. त्यांना लक्ष ठेवायला पायांचे तळवे आहेत, माळेचे मणी आहेत.

राहता राहिलं सुख. पुढच्याच कारिकेत ‘नास्वादयेत्सुखं तत्र’ असा इशारा आहे: तिथल्या सुखाची चव घेत बसू नये. काही महिन्यांनी एखाद्या सकाळी खरोखर शांत, हलकं, प्रकाशमान वाटतं. दुसऱ्या दिवशी माणूस आसनावर बसतो तो कालची गोष्ट परत मिळवायला, आणि ती येत नाही. मग तो पद्धती बदलतो, शिबिरं बदलतो, गुरू बदलतो. दिसलेले रंग आणि ऐकलेले नाद वर्गात सांगायची चढाओढ लागली की त्या वर्गाचं काही खरं नाही. आलं तर येऊ द्यावं, गेलं तर जाऊ द्यावं. पुढचा रेचक करावा.

आपल्याकडे या दंभावर बोट ठेवलं ते योग्यानेच. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशा नाथपरंपरेत वाढलेले, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं अंगावर काटा आणणारं वर्णन करणारे ज्ञानदेव हरिपाठात म्हणतात, ‘योगयागविधी येणें नोहे सिद्धि । वायांचि उपाधि दंभधर्म ॥’ योगाला नावं ठेवायला म्हणून हा चरण सर्रास वापरला जातो. मला तो साधकाच्या भिंतीवर लावण्यासारखा वाटतो. आतून काही न बदलता विधी वाढत जातो तेव्हा काय होतं, हे यात स्पष्ट आहे.

मग बदल ओळखायचा कशावरून? आसनावर काय दिसलं, यावरून नाही. चित्त विखुरलं की त्याच्याबरोबर काय काय येतं, हे योगसूत्रात मोजून दिलं आहे: दुःख, मनाची खट्टू अवस्था, अंगाची थरथर आणि श्वास-प्रश्वासांची ओढाताण. ही यादी दिवसाच्या धबडग्यात लावून पाहावी. फोनवर एखादा बोचरा मेसेज वाचताना पोट आवळलेलं आणि श्वास अडकलेला असतो. पहिल्या काही महिन्यांत हे अर्ध्या तासाने, भांडण होऊन गेल्यावर लक्षात येतं. नंतर उत्तर टाइप करताना. मग कधीतरी वाचतानाच. आणि तिथे एक रेचक पुरा होतो, उत्तर थोडं उशिरा जातं, कधी जातच नाही. राग येणं थांबत नाही. तो शरीरात किती वेळ मुक्कामाला राहतो, ते बदलतं. घरातल्यांना हे साधकाच्या आधी कळतं, त्यांना विचारलं तर ते खरं सांगतात. उलट, अभ्यासाच्या वेळी कुकरची शिट्टी झाली म्हणून कुणी घरच्यांवर ओरडत असेल, तर प्रमाण १:२ असो की कुंभकासकट १:४:२, अभ्यास अजून नाकाच्या शेंड्यावरच आहे.

सातत्याबद्दल पतंजलींनी तीन अटी घातल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. तिसरी अट आपण विसरतो. फोन शेजारी पालथा ठेवून उरकलेली चाळीस मिनिटं आणि दार लोटून मनापासून केलेली पंधरा मिनिटं यांत दुसरी निवडावी. आजारपणात खंड पडला तर परत आल्यावर मागच्या मापावर उडी मारू नये. चार दिवस झोपून साधा रेचक, मग ३:६.

कुंभकाची घाई कशाला नको, ते हठयोगप्रदीपिका सांगते: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू आवरावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. १:४:२ हे प्रसिद्ध प्रमाण, म्हणजे १६ मात्रा पूरक, ६४ कुंभक, ३२ रेचक, पुस्तकात वाचून घरी करून पाहायची गोष्ट नाही. ५:१० ची बारा आवर्तनं कुठेही न ओढता, शेवटचा पूरक पहिल्याइतकाच शांत ठेवून होत असतील, तर कुंभकाचा विचार करावा, तोही आधी दोन-तीन मात्रांचा, आणि जालंधर बंध, म्हणजे हनुवटी छातीकडे टेकवून गळा आवळणं, कुणाच्या तरी नजरेखाली शिकून. कुंभक जास्त झाल्याचं कुंभकात समजत नाही, त्यानंतरच्या रेचकात समजतं. तो फुटून बाहेर पडला की मर्यादा ओलांडली.

यासाठी शिक्षक लागतो, आणि शिक्षक निवडताना त्याचं शरीर किती लवतं, शिबिराला किती गर्दी होते, हे पाहण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: कोणती लक्षणं दिसली तर मी हा अभ्यास थांबवू? डोकं जड होणं, कानांत दडे बसणं, डोळे लाल होणं, चिडचिड वाढणं, झोप उडणं अशी ठोस यादी तो सांगू शकला तर त्याच्याकडे राहावं. ‘थांबायचं नाही, सवय होईल’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधावा.